ओके मध्ये की शेवटी?

मालट्रकच्या फाळक्यावर काय लिहिलेलं असतं, असं चांदवडच्या चौफुलीवर कुणालाही विचारा. उत्तर तयार असतं: ‘हॉर्न ओके प्लीज’. मग पुढचे प्रश्न विचारा. हे तीन शब्द एका ओळीत असतात का? ‘ओके’ मध्ये असतं की शेवटी? ते बाकीच्या दोन शब्दांच्या रांगेत असतं, की वर, की खाली? इथे माणसं अडखळतात आणि दोन मिनिटांत चहाच्या टपरीवर दोन पक्ष पडतात. मुंबई-आग्रा रस्ता गावाला खेटून जातो. राहूडचा घाट ओलांडून आलेले ट्रक दिवसभर पाठ दाखवत नाशिककडे निघून जातात, कांद्याच्या हंगामात तर त्यांची रांगच लागते. हा मजकूर पाहण्यात आला नाही, असं इथे कुणाला म्हणता येणार नाही.

फाळका जवळून पाहिला की वादाचं मूळ सापडतं. बहुतेक ट्रकांवर डाव्या टोकाला ‘हॉर्न’ आणि उजव्या टोकाला ‘प्लीज’ असतं, दोन्ही ठसठशीत, सावली दिलेल्या अक्षरांत. मधल्या जागेत ‘ओके’ बसवलेलं असतं, कधी गोलात, कधी कमळाच्या पाकळ्यांत, पुष्कळदा बाकीच्या शब्दांपेक्षा थोडं वर नाहीतर खाली. आजूबाजूला गाडीचा नंबर, ‘रेणुका माता प्रसन्न’ किंवा ‘जय मल्हार’, मालकाच्या मुलांची नावं आणि रात्री डिपर वापरण्याची विनंती. पेंटरला तिथे वाक्य लिहायचं नसतंच. फाळक्याची दोन टोकं आणि मधलं पोट भरायचं असतं. डोळा डावीकडून उजवीकडे सरकला तर ‘हॉर्न ओके प्लीज’ वाचलं जातं. मोठी अक्षरं आधी डोळ्यांत भरली तर ‘हॉर्न प्लीज’, आणि मग ‘ओके’. दोन्ही वाचनांना फाळक्याचा आधार आहे. पण २००९ साली ‘हॉर्न ओके प्लीज’ नावाचा हिंदी चित्रपट आला, टी-शर्टांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर हेच शब्द याच क्रमाने छापले गेले आणि दुसरं वाचन मागे पडलं. आज पोस्टरवरची ओळ डोक्यात ठेवून लोक ट्रक पाहतात.

त्या ‘ओके’चा अर्थ काय, यावरही कथा आहेत. महायुद्धाच्या काळात डिझेल मिळेना, म्हणून ट्रक रॉकेलवर धावत. मागच्याने अंतर राखावं म्हणून ‘ऑन केरोसीन’ लिहीत, त्याचं हे लघुरूप, अशी एक कथा. टाटांच्या ‘ओके’ साबणाची ती फुकटातली जाहिरात होती, अशी दुसरी. पुढचा रस्ता मोकळा असला की ‘ओके’, आता हॉर्न देऊन पुढे जा, अशी तिसरी. तिन्ही ऐकीव, आणि तिन्ही सांगणारे सारखेच ठाम. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली ‘रिमेंबरिंग’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी अर्थासाठीच्या धडपडीचा मुद्दा मांडला आहे: माणसाला न कळणारी गोष्ट तशीच ठेवून देता येत नाही, ती आठवताना तो तिला अर्थ चिकटवून टाकतो. ‘ओके’च्या कथा म्हणजे ही धडपडच.

सरकारला मात्र फक्त ‘हॉर्न’शी देणंघेणं होतं. एप्रिल २०१५ च्या अखेरीस राज्याच्या परिवहन आयुक्तांनी हे शब्द गाड्यांवर लिहायला बंदी केली, कारण त्यामुळे लोकांना उगाच हॉर्न वाजवायचं निमित्त मिळतं. बंदीचं काय झालं, ते आग्रा रोडवर पाच मिनिटं उभं राहिलं की दिसतं.

ट्रकवरचा मजकूर हा लोकांचा कारभार आहे. अमेरिकेत मात्र असाच उद्योग सरकारं करतात. तिथल्या बहुतेक राज्यांच्या नंबर प्लेटवर आकड्यांच्या जोडीला एखादं घोषवाक्य छापलेलं असतं. आयडाहोच्या प्लेटवर तिथले प्रसिद्ध बटाटे आहेत. फ्लोरिडाच्या प्लेटवर सूर्यप्रकाश आहे. उद्या आपल्या नंबर प्लेटवर ‘कांद्याचा जिल्हा’ छापून आलं तर पिंपळगाव-लासलगावचे लोक खूश होतील आणि द्राक्षवाले मोर्चा काढतील, ती गोष्ट वेगळी.

न्यू हॅम्पशायरच्या प्लेटवर ‘लिव्ह फ्री ऑर डाय’ आहे, स्वतंत्र जगा नाहीतर मरा. ती प्लेट तयार होते राज्याच्या तुरुंगात, कैद्यांच्या हातून. जॉर्ज मेनार्ड नावाच्या गृहस्थांना ही घोषणा आपल्या धर्मश्रद्धेविरुद्ध वाटली. त्यांनी ती झाकली, दंड भरायला नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: सरकारची घोषणा स्वतःच्या गाडीवर मिरवायची सक्ती नागरिकावर करता येत नाही. मेनार्ड यांनी ती प्लेट खरोखर वाचली होती. एवढं मनावर घेऊन वाचणारे थोडे.

बाकीचे कसे वाचतात, हे वॉशिंग्टन शहराच्या प्लेटवरून समजतं. वॉशिंग्टन ही देशाची राजधानी, पण ते राज्य नाही. तिथले लोक केंद्राचा कर भरतात, तरी संसदेत त्यांचा मतदानाचा अधिकार असलेला प्रतिनिधी नाही. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळची घोषणा होती, ‘नो टॅक्सेशन विदाऊट रिप्रेझेंटेशन’, म्हणजे प्रतिनिधित्व नसेल तर करही नाही. २००० साली शहराने ती प्लेटवर घेतली ती ‘नो’ वगळून. नुसतं ‘टॅक्सेशन विदाऊट रिप्रेझेंटेशन’: इथे प्रतिनिधित्वाविना करवसुली चालते, अशी ती तक्रार होती. क्लिंटन यांनी अध्यक्षपदाच्या शेवटच्या दिवसांत ही प्लेट आपल्या गाडीला लावली, बुश यांनी काढली, ओबामा यांनी २०१३ मध्ये पुन्हा लावली. पुढे शहराला वाटलं की नुसती तक्रार पुरेशी नाही, आणि २०१७ पासून नव्या प्लेटांवर सुरुवातीला ‘एंड’ शब्द आला: ही करवसुली बंद करा.

म्हणजे एकाच वाक्याची तीन रूपं झाली. एक इतिहासाच्या पुस्तकातलं, एक जुन्या प्लेटचं, एक नव्या प्लेटचं. शाळेत ज्याने ‘नो’सकट घोषणा पाठ केली, त्याने रस्त्यावर ‘नो’ नसलेली प्लेट वर्षानुवर्षं पाहिली तरी आठवताना त्याची जीभ कुणीकडे वळणार, हे सांगायला नको. तीन रूपांचा आशय एकच आहे, चीडही एकच आहे. हरवतो तो फक्त पहिला शब्द.

आपल्या नंबर प्लेटवर घोषणा लिहायला कायद्याने जागाच ठेवलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यांत अक्षरांची मापंसुद्धा ठरवून दिलेली आहेत. मोटारीच्या प्लेटवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच, १० मिलिमीटर जाड, दोन अक्षरांत १० मिलिमीटर अंतर. अक्षरं इंग्रजी, आकडेही इंग्रजी. ‘दादा’, ‘सरपंच’, भगवी पट्टी, मराठी आकडे हे सगळं नियमाबाहेरचं. तरीही नव्या उच्च सुरक्षा पाट्यांवर एक मजकूर आहे, आणि तो वाचलेला माणूस शोधावा लागतो. डाव्या कडेला वर अशोकचक्राचा चकाकता होलोग्राम आहे, त्याखाली निळ्या रंगात ‘आयएनडी’, त्याच्याही खाली लेझरने कोरलेला क्रमांक. हे पुष्कळांना सांगता येतं. पण काळ्या अक्षरांवर जो पातळ थर चढवलेला असतो, त्यावर ४५ अंशांच्या तिरप्या ओळींत ‘इंडिया’, ‘इंडिया’ असं बारीक छापलेलं आहे. उजेडाकडे कोन धरून पाहिलं तर दिसतं. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीला ही पाटी आहे. जुन्या गाड्यांना ती बसवून घ्यायला २०२५ मध्ये मुदतवाढीवर मुदतवाढ मिळाली आणि निम्मा महाराष्ट्र त्या पाटीबद्दलच बोलत होता. बोलणं पैशाचं आणि तारखेचं होतं. पाटीवर काय लिहिलंय, हा विषय निघाल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

रोज हाताळली जाणारी, सरकारी शिक्क्याची आणि कुणी न वाचलेली वस्तू चांदवडला नवी नाही. होळकरांच्या काळात इथे टांकसाळ होती. चांदवडी रुपया दख्खनच्या बाजारात चालत असे. गावातला रंगमहाल ज्या घराण्याने बांधला त्याचाच हा रुपया, पण त्यावर होळकरांचं नाव नाही. नाव आहे दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं, ज्याचा इथे काडीचाही अंमल नव्हता. टांकसाळीचं नाव फारसीत ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असं. जाफराबाद हे मोगली अमलातलं नाव, गावात कुणाच्या तोंडी नसलेलं. त्यात आणखी एक गंमत अशी की त्या काळच्या अशा नाण्यांचा ठसा चांदीच्या चकतीपेक्षा मोठा असे. ठोकताना कडेचा मजकूर चकतीबाहेर जाई, त्यामुळे पुरता मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरे. कुणबी, व्यापारी, सराफ यांतलं कोण ते फारसी वाचणार? सराफ खुणा पाही, वजन करी, आवाज ऐके आणि बट्टा लावून मोकळा होई. नाणं चालायला एवढं पुरत होतं.

हे अडाणीपण म्हणून सोडून द्यावं, तर साक्षर अमेरिकेतला दाखला समोर येतो. रेमंड निकर्सन आणि मॅरिलिन अ‍ॅडम्स या दोघांनी १९७९ साली लोकांना एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं. लिंकनचा चेहरा कोणत्या बाजूला वळलेला, साल कुठे, कोणते शब्द वर, कोणते खाली, अशा आठ गोष्टी त्यांनी तपासल्या. लोकांना त्यांपैकी जेमतेम तीन योग्य जागी दाखवता आल्या. मग त्यांनी खऱ्या नाण्याच्या चित्रात खोटी चित्रं मिसळून ‘ओळखा’ म्हटलं, तिथेही बहुतेकांची निवड चुकली. कारण साधं आहे. सुट्टे पैसे मोजायला रंग आणि आकार पुरतो, चेहरा डावीकडे आहे की उजवीकडे याने व्यवहार अडत नाही. ज्याची गरज नाही ते डोळा पाहतो आणि सोडून देतो. हजार वेळा पाहिलं तर आपोआप पाठ होईल, ही समजूत खोटी आहे. हजार वेळा पाहिलं की उलट पाहणंच थांबतं.

हे झालं पाहण्याचं. ऐकलेल्या-वाचलेल्या शब्दांची गोष्ट आणखी मजेशीर आहे, आणि तिच्यासाठी एसटीसारखं दुसरं उदाहरण नाही.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. तेव्हापासून या लाल गाडीने महाराष्ट्राला घोषणाही दिल्या. महामंडळाचं ब्रीद ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’. त्याखेरीज तोंडोतोंडी झालेल्या ओळी वेगळ्या: गाव तिथे एसटी, हात दाखवा गाडी थांबवा, वाट पाहीन पण एसटीनेच जाईन. आता चांदवडच्या स्थानकात मनमाडच्या गाडीसाठी थांबलेल्या चार माणसांकडून या ओळी म्हणवून घ्या. कुणी ‘गाव तिथे’ म्हणेल, कुणी ‘रस्ता तिथे’. कुणी ‘गाडी थांबवा’, कुणी ‘एसटी थांबवा’. ‘वाट पाहीन’च्या जागी ‘वाट बघीन’ म्हणणारे तर घरोघर आहेत, आणि त्यांना दुरुस्त केलं तर ते तुम्हालाच वेड्यात काढतील. ब्रीदवाक्याचं ‘सर्वजन हिताय’ सहज होतं.

या चुका पाहिल्या तर त्यांत एक शिस्त आहे. ‘वाट बघीन’ म्हणणारा कधी ‘वाट लावीन’ म्हणत नाही, निदान गाडी वेळेवर असेल तर. आशय शाबूत, व्याकरण शाबूत, ताल शाबूत. बदलतो तो शब्द, आणि तोही बोलणाऱ्याच्या घरात जास्त चालणाऱ्या शब्दाकडे सरकतो. ‘बघणे’ ज्याच्या तोंडी आहे तो ‘बघीन’ आठवतो. ‘बहुजन’ हा शब्द पाली परंपरेतून, बुद्धवचनातून आलेला आहे. हेच ब्रीद आकाशवाणीचंही आहे. पण ज्याच्या कानावर ‘सर्वजन’, ‘सर्वधर्म’, ‘सर्वोदय’ असे शब्द अधिक पडलेले आहेत, त्याची आठवण त्या वळणावर जाते. बार्टलेट यांच्या प्रयोगात हेच दिसलं होतं. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक भुतांच्या लढाईची गोष्ट वाचायला दिली आणि काही काळाने ती पुन्हा सांगायला लावली. गोष्टीतल्या कनू नावेची साधी बोट झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. अनोळखी तपशील गळाले आणि गोष्ट हळूहळू इंग्रज झाली.

शब्द किती लवकर निसटतात, याचं मोजमाप जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ मध्ये केलं. दुर्बिणीच्या शोधाची गोष्ट त्यांनी लोकांना ऐकवली. त्यात एक वाक्य होतं: त्याने त्याविषयीचं पत्र गॅलिलिओला पाठवलं. पुढे गोष्ट चालू राहिली आणि मध्येच ते वाक्य पुन्हा देऊन विचारलं, हेच ऐकलं होतं का? ‘पत्र गॅलिलिओला पाठवण्यात आलं’ असा फिरवलेला प्रयोग दिला तर मध्ये ऐंशी अक्षरांची भर पडल्यावर, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आत, लोकांना फरक सांगता येईना. पण ‘गॅलिलिओने त्याला पत्र पाठवलं’ असा अर्थच उलटवला, तर लगेच पकडत. वाक्याचा अर्थ हाती आला की मेंदू वाक्य टाकून देतो. पुन्हा लागलं तर अर्थावरून नवं बनवतो, आणि बनवलेलं आहे हे आपल्याला कळू देत नाही. भांडण होतं ते इथे. बनवलेलं वाक्यही आठवलेल्या वाक्याइतकंच खरं वाटतं.

याचा दाखला पुन्हा एका नंबर प्लेटचाच. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९७८ मध्ये आपल्या नंबर प्लेटवर ‘ज म सुव्हिएन’ हे ब्रीद घेतलं. फ्रेंचमध्ये याचा अर्थ, मला आठवतं. काय आठवतं, ते प्लेट सांगत नाही. लगेच वर्तमानपत्रांतून वाद सुरू झाला. ब्रीद मूळचं एजेन-एत्येन ताशे या वास्तुरचनाकाराचं. १८८३ मध्ये त्याने ते प्रांताच्या विधानभवनाच्या आराखड्यात घातलं होतं. वादात ताशेच्या नातीने माँट्रियलच्या एका इंग्रजी दैनिकाला पत्र लिहिलं: आजोबांचं वाक्य अर्धवट घेतलंत, पुढे लिली आणि गुलाब आहेत. लिली म्हणजे फ्रान्स, गुलाब म्हणजे इंग्लंड. जन्म लिलीखाली आणि वाढ गुलाबाखाली, अशा अर्थाचा तो पुढचा भाग. घरच्या माणसाची साक्ष. ती खोटी कोण म्हणणार? ही पुरवणी पुढे कितीतरी ठिकाणी मूळ ब्रीदाचा भाग म्हणून छापली गेली. नंतर गास्तों देशेन या इतिहासकाराने कागद तपासले. लिली-गुलाबाची कल्पना ताशेचीच होती, पण वेगळ्या प्रसंगासाठी, १९०८ च्या एका पदकासाठी केलेली. आजोबांची दोन वाक्यं नातीच्या आठवणीत एक झाली होती. ‘मला आठवतं’ असं लिहिलेल्या प्लेटबद्दलच हे घडावं, हे मला फार आवडलं.

यात लबाडी कुठेच नाही. दोन्ही वाक्यं खरी, माणूस खरा, शाई खरी. फक्त जोड खोटा. स्मृतीच्या बहुतेक चुका अशाच असतात. साहित्य अस्सल, जुळणी चुकलेली.

हल्ली अशा सामूहिक चुकांना मंडेला इफेक्ट म्हणायची पद्धत आहे. नेल्सन मंडेला १९८० च्या दशकात तुरुंगातच वारले, असं बऱ्याच जणांना ‘आठवत’ असल्याचं फिओना ब्रूम या अमेरिकी लेखिकेच्या ध्यानात आलं, त्यावरून हे नाव पडलं. प्रत्यक्षात मंडेला १९९० मध्ये सुटले, १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०१३ मध्ये वारले. इतक्या लोकांना एकच चूक कशी आठवते, म्हणून काहींनी थेट समांतर विश्वापर्यंत उडी मारली. मला ही उडी आळसाची वाटते. एकाच भाषेत वाढलेली, एकच पुस्तकं वाचलेली माणसं एकाच दिशेने घसरली तर त्यात विश्व दुभंगण्यासारखं काय आहे? खरा प्रश्न चित्रांचा आहे, कारण तिथे भाषेचा उतार नसतो. २०२२ मध्ये प्रसाद आणि बेनब्रिज या संशोधकांनी प्रसिद्ध बोधचिन्हं आणि कार्टून पात्रं घेऊन तपासणी केली, तेव्हा काही मोजक्या चित्रांबाबत बहुसंख्यांची एकच ठरावीक चूक होते असं दिसलं. पिकाचूच्या शेपटीचं टोक काळं, असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. ते पिवळंच आहे. घरातल्या पोराला विचारून पाहा.

शब्द जसेच्या तसे राखायचे तर नुसत्या पाहण्या-ऐकण्यावर भिस्त ठेवून चालत नाही, हे आपल्याकडे फार आधी ओळखलेलं होतं. वेदपाठात पद, क्रम, जटा, घन असे प्रकार केले ते याचसाठी. घनपाठात शब्द एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक अशा क्रमाने पुढे-मागे म्हणतात. असं उलटसुलट म्हटल्यावर अर्थाला धरून शब्द बदलायची सोयच उरत नाही. अर्थ बाजूला ठेवून ध्वनीच राखला जातो. मराठी ग्रंथांना हे कवच नव्हतं. लोक म्हणत गेले, नकला होत गेल्या, पाठ बदलत गेले. ज्ञानेश्वरीचे पाठ इतके बिघडले की एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली.

पण मला जास्त मोठं वाटतं ते महानुभावांचं काम. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. त्यातून तेराव्या शतकात लीळाचरित्र उभं राहिलं. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली. मग पाठ असलेल्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा जुळवला, त्यात हिराइसेचा पाठ प्रसिद्ध आहे. साहजिकच आठवणींत फरक पडले. तेव्हा या मंडळींनी कोण खरं, कोण खोटं असा निकाल लावण्याची घाई केली नाही. एका प्रसंगाखाली दुसऱ्याची वेगळी आठवणही नोंदवली, ‘शोधु’ आणि ‘वासना’ अशा खुणा घालून. आठवण ही कुणाची तरी असते, म्हणून ती नावानिशी लिहावी, ही समज मानसशास्त्राच्या प्रयोगशाळा निघायच्या सहाशे वर्षं आधीची आहे.

आकड्यांना अर्थाचा आधार नसतो, म्हणून ते आणखी लवकर विरतात. त्यावर लोकांनी उपाय शोधला तो आकड्यांना अर्थ देण्याचा. आठ-शून्य-पाच-पाच इंग्रजीत ओढून लिहिलं की ‘बॉस’ दिसतं, चार-एक-चार-एकचं ‘दादा’ होतं, दोन-एक-चारवर रेघ मारली की ‘राम’. पोलिसांना या करामती खपत नाहीत, पण अशी गाडी धडकून पळाली तर तिचाच नंबर लोकांच्या लक्षात राहील. साध्या नंबराचे हाती लागतात ते शेवटचे चार आकडे, तेही पुढेमागे झालेले. एमएच पंधरा होतं की एकेचाळीस, नाशिकची गाडी की मालेगावची, यावर साक्षीदारांचं जमत नाही. त्यात विचारणारा काय विचारतो, यानेही फरक पडतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये सगळ्या विद्यार्थ्यांना अपघातांच्या त्याच फिती दाखवल्या. गाड्या ‘आपटल्या’ तेव्हा वेग किती होता, असं काहींना विचारलं, तर ‘टेकल्या’ तेव्हा किती, असं काहींना. ‘आपटल्या’वाल्यांचा अंदाज सरासरी ताशी ४१ मैलांच्या घरात गेला, ‘टेकल्या’वाल्यांचा ३२ च्या. त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिली का? ‘आपटल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं. फितीत काच कुठेच नव्हती.

रस्त्याच्या नावाचंही तेच. २०१० च्या फेरक्रमांकानंतर चांदवडवरून जाणारा हा महामार्ग ६० झाला. हिरव्या पाट्यांवर साठ लिहिलेलं आहे, लोक त्याखालून रोज जातात, आणि पत्ता सांगताना म्हणतात, तीन नंबरच्या हायवेला. जास्त करून म्हणतात आग्रा रोडला, जे कोणत्याही फेरक्रमांकाने हलणार नाही.

फाळक्यावरच्या हाताच्या अक्षरांची मात्र आता घाई करायला हवी. ट्रकची बॉडी कारखान्यातून तयार होऊन येऊ लागली, पेंटरच्या जागी रेडियमचे स्टिकर आले, आणि स्टिकरवर सगळीकडे एकाच संगणकातलं ‘हॉर्न ओके प्लीज’ निघतं. कुणा महाविद्यालयातल्या पोरांनी चौफुलीवर उभं राहून नोंद करायचं मनावर घेतलं तर महानुभावांची रीत पाळावी. ट्रकचं पासिंग कुठलं, तो कुठे रंगवला, ‘ओके’ नेमकं कोणत्या जागी आहे, हे एका रकान्यात. दुसऱ्या रकान्यात त्याच ट्रकच्या ड्रायव्हरला आपल्या फाळक्यावर काय लिहिलंय असं वाटतं, ते त्याच्या शब्दांत. हा दुसरा रकाना आधी भरून घ्यावा. ड्रायव्हर उतरून मागे आला, की मग तो भरता येत नाही.